वेगवेगळ्या जोडउपकरणांना सामावून घेणारा गेटवे कसा रचावा

मार्च ते मे या काळात रत्नागिरीकडच्या किंवा देवगडच्या एखाद्या आंबा पॅकिंग केंद्रात गेल्यास एका टेबलावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, शेजारी लेबल छापणारा थर्मल प्रिंटर, बारकोड वाचणारा स्कॅनर आणि मागच्या थंड खोलीत तापमान मोजणारे दोन-चार सेन्सर असा सरंजाम दिसतो. या सगळ्यांची माहिती गोळा करून ती नेटवर्कवर पोहोचवणारे जे लहानसे यंत्र असते, त्याला या लेखात गेटवे म्हटले आहे. खरे तर ‘पेटी’ हा सुटसुटीत शब्द होता, परंतु कोकणात पेटी म्हटले की एकतर आंब्याची आठवते नाहीतर भजनातली, म्हणून तो मोह टाळला आहे.

लिनक्सची जुजबी ओळख आणि कोणतीही एक प्रोग्रामिंग भाषा येत असलेल्या, पण असे यंत्र प्रथमच रचणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) चालणारा यूएसबीयुक्त राउटर, यांपैकी काहीही पाया म्हणून चालेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. विस्तारक्षमता, म्हणजे नवे उपकरण सहज जोडता येण्याची सोय, ही पुढे कधीतरी लागेल म्हणून ठेवायची चैन आहे, असा बहुतेक नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती दुरुस्तीची सोय आहे. एप्रिलअखेरच्या वळवात वीज कडाडते, वजनकाट्याचे सर्किट जळते, आणि ऐन हंगामात तोच काटा, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. कुडाळच्या किंवा चिपळूणच्या दुकानदाराकडे जो असेल तो संध्याकाळपर्यंत टेबलावर येतो. त्या नव्या काट्यासाठी मूळ प्रोग्राम उघडून बदलावा लागत असेल, तर ती रचना कोकणात एक हंगामही टिकणार नाही.

पायरी पहिली: उपकरणांची नव्हे, त्यांच्या बोलीची यादी करावी

जोडायच्या उपकरणांची नावे लिहून काढण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण नावे बदलत राहतात. त्याऐवजी प्रत्येक उपकरण कोणत्या तारेवरून येते आणि कोणत्या भाषेत बोलते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. वजनकाटा बहुधा आरएस-२३२ या जुन्या सीरियल तारेवरून साधी अक्षरे पाठवतो, आणि ती तार यूएसबी कन्व्हर्टरमधून गेटवेला जोडलेली असते. स्कॅनर स्वतःला यूएसबी कीबोर्ड म्हणवतो. प्रिंटर यूएसबीवरही असू शकतो आणि नेटवर्कवर ९१०० या पोर्टवरही असू शकतो, मात्र दोन्हीकडे त्याला पाठवायचा मजकूर एकच असतो. तापमानाचे सेन्सर आरएस-४८५ तारेवरून मॉडबस बोलतात. मॉडबस हा १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीने काढलेला आणि आजही कारखान्यांतून सर्रास वापरला जाणारा करार, म्हणजे संवादाचा ठरलेला नियम (प्रोटोकॉल), आहे.

तार आणि भाषा वेगळ्या लिहिल्या की प्रोग्रामचे तुकडे कोठे पाडायचे हे आपोआप दिसू लागते. तोच काटा उद्या ब्लूटूथवरून आला तरी त्याची भाषा समजणारा भाग तसाच राहतो, फक्त तारेचा भाग बदलतो.

पायरी दुसरी: गाभा आणि दुभाष्ये वेगळे ठेवावेत

गेटवेचा जो भाग नोंदी साठवतो, नेटवर्कवर पाठवतो आणि पडद्यावर दाखवतो त्याला गाभा म्हणू. एका जातीच्या उपकरणाची भाषा जाणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला दुभाष्या म्हणू. गाभ्याच्या संपूर्ण प्रोग्राममध्ये एकाही कंपनीचे किंवा मॉडेलचे नाव शोधून सापडता कामा नये, हा नियम काटेकोरपणे पाळावा.

प्रत्येक दुभाष्या हा स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालवावा. तो अडकला किंवा कोसळला तर, तशी सूचना देऊन ठेवली असल्यास, सिस्टमडी ही प्रोसेस सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था (ओपनडब्ल्यूआरटीवर प्रोकडी) त्याला पुन्हा उठवते आणि बाकीचे काम चालू राहते. प्रिंटरचा कागद संपला म्हणून वजने नोंदवणे थांबले, असे एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये हमखास घडते. दुभाष्ये आणि गाभा यांच्यातील संवादासाठी गेटवेच्या आतच एक एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे एकाकडून संदेश घेऊन हव्या त्यांना पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, चालवणे सर्वांत सोपे पडते. प्रत्येक दुभाष्या कोणत्याही भाषेत लिहिता येतो आणि संदेश डोळ्यांनी वाचता येतात, हा त्याचा मोठा फायदा आहे.

दुभाष्याने गाभ्याला चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: मी कोण, मला काय करता येते, आत्ता काय वाचले आणि माझी प्रकृती कशी आहे. वाचनाच्या संदेशात मूल्य, एकक, वेळ, स्रोत आणि विश्वासार्हता एवढी क्षेत्रे पुरतात. एकक कधीही गृहीत धरू नये. एक काटा किलोत सांगतो, दुसरा ग्रॅममध्ये, आणि ७५०० हा आकडा पाहून पेटी साडेसात किलोची आहे की काटा बिघडला आहे हे गाभ्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. विश्वासार्हतेचे क्षेत्र बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. ‘ठीक’, ‘शंकास्पद’ आणि ‘बंद’ अशी तीनच मूल्ये ठेवली तरी चालते, कारण बंद सेन्सरचे शेवटचे वाचन हे आजचे तापमान म्हणून दाखवले गेले तर माल जातो.

दुभाष्या आणि गाभा यांच्यातील संदेशांच्या या कराराला आवृत्तीचा क्रमांक द्यावा, आणि संदेशात अनोळखी क्षेत्र आले तर गाभ्याने ते मुकाट्याने सोडून द्यावे. जुना गाभा आणि नवा दुभाष्या एकत्र नांदू शकतात ते एवढ्याशा सवयीमुळे.

करार कधी पक्का करावा, याबद्दल माझे मत ठाम आहे: दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या काट्यांचे दुभाष्ये लिहून होईपर्यंत नाही. एकाच काट्यावरून केलेला करार हा त्या काट्याचे चित्र असतो. दुसरा काटा आला की आपण सर्वसामान्य समजत होतो त्यातल्या निम्म्या त्या पहिल्याच्या खास लकबी होत्या हे ध्यानात येते.

पायरी तिसरी: उपकरणाची ओळख पटवावी

लिनक्समध्ये सीरियल कन्व्हर्टर जोडला की त्याला ‘टीटीवाययूएसबी०’, दुसऱ्याला ‘टीटीवाययूएसबी१’ अशी नावे मिळतात, आणि ही नावे ज्या क्रमाने उपकरणे सापडली त्या क्रमाने दिली जातात. माझ्या पहिल्याच गेटवेत मी ही नावे थेट प्रोग्राममध्ये लिहिली होती. एका दुपारी वीज गेली, परत आली, आणि क्रम उलटला. तापमान विचारणाऱ्या मॉडबसच्या विनंत्या वजनकाट्याकडे जाऊ लागल्या, आणि त्यातला एखादा बाइट काट्याला ‘शून्य कर’ या आज्ञेसारखा वाटत असावा, कारण पेटी वर ठेवलेली असतानाच काटा मधूनमधून शून्यावर येऊ लागला. कामगारांनी काट्याला भूतबाधा ठरवली होती. त्या दिवशीच्या बऱ्याच पेट्या पुन्हा तोलाव्या लागल्या.

म्हणून जोडलेली उपकरणे ओळखून त्यांना नावे देणाऱ्या युडेव्ह या लिनक्सच्या व्यवस्थेचा (ओपनडब्ल्यूआरटीवर हॉटप्लगचा) उपयोग करून उपकरणाला स्थिर नाव द्यावे. प्रत्येक यूएसबी उपकरण उत्पादकाचा एक आणि वस्तूचा एक असे दोन क्रमांक सांगते. येथे एक मेख आहे. ०४०३:६००१ हा क्रमांक दिसला तर तो एफटीडीआयच्या लोकप्रिय सीरियल चिपचा आहे एवढेच कळते. त्या चिपपलीकडे वजनकाटा आहे की आणखी काही, हे त्यावरून कळत नाही. एफटीडीआयच्या चिपला बहुधा स्वतंत्र अनुक्रमांक असतो, त्यामुळे दोन कन्व्हर्टर वेगळे ओळखता येतात. स्वस्तातल्या सीएच३४० चिपला तो सहसा नसतो, आणि असे दोन कन्व्हर्टर जुळ्या भावंडांसारखे अगदी एक दिसतात. अशा वेळी अनुक्रमांकाऐवजी कोणत्या सॉकेटमध्ये तार खोवली आहे त्यावरून नाव द्यावे, आणि सॉकेटवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. ‘पिवळ्यात काटा, निळ्यात सेन्सर’ एवढी सूचना फोनवरून कोणालाही देता येते.

नाव स्थिर झाल्यावरही दुभाष्याने थेट कामाला लागू नये. प्रथम काही सेकंद नुसते ऐकावे, आलेली अक्षरे अपेक्षित साच्यात बसतात का ते पाहावे, आणि मगच ‘उपकरण सापडले’ असे जाहीर करावे. अनोळखी उपकरणाकडे आपण होऊन काहीही लिहू नये, याचे कारण वर आलेच आहे. तार निघाली की त्या उपकरणासाठी उघडलेली फाइल लगेच बंद करणे हेही दुभाष्याचेच काम आहे. ती उघडीच राहिली तर तेच उपकरण परत जोडल्यावर नवा क्रमांक घेऊन येते आणि प्रोग्राम जुन्या, मेलेल्या दारावर टकटक करत बसतो.

पायरी चौथी: चार दुभाष्ये, चार स्वभाव

वजनकाट्यापासून आरंभ करावा. पुष्कळ काटे प्रति सेकंद ९६०० बिट या वेगाने, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) नाही आणि १ स्टॉप बिट या मांडणीत बोलतात. काही जुने काटे मात्र २४०० वर किंवा ७ बिट आणि सम पॅरिटीवर असतात, म्हणून हे आकडे प्रोग्राममध्ये न लिहिता वर्णनाच्या फाइलमध्ये, म्हणजे दुभाष्या सुरू होताना वाचतो त्या त्या उपकरणाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहावेत. काही काटे अखंड वजन पाठवत राहतात, काही विचारल्यावरच सांगतात. बऱ्याच काट्यांच्या ओळीत वजन स्थिर आहे की हलते आहे याची खूण असते. ती असेल तर तिच्यावरच विसंबावे, नसेल तर लागोपाठची काही वाचने सारखी येईपर्यंत थांबावे. वजनात प्रोग्रामने कसलीही दुरुस्ती करू नये. व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या काट्याची वैध मापन कायद्यानुसार ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर सील असते. काटा जे सांगेल तेच नोंदवावे आणि मूळ ओळही जशीच्या तशी जपून ठेवावी.

स्कॅनर सोपा वाटतो आणि तेथेच फसवतो. तो कीबोर्ड असल्यामुळे वाचलेला बारकोड ज्या खिडकीत कर्सर असेल तेथे टाइप होतो, अगदी पासवर्डच्या चौकटीतही. दुभाष्याने लिनक्सच्या इनपुट व्यवस्थेतून ते उपकरण केवळ आपल्यासाठी राखून घ्यावे, म्हणजे त्याची अक्षरे इतरत्र सांडत नाहीत.

प्रिंटरच्या बाबतीत मराठी वाचकाला एक जादा अडचण असते. ईएससी-पॉस, झेडपीएल, टीएसपीएल या प्रिंटरांच्या आज्ञाभाषा आहेत, आणि इंग्रजी मजकूर त्यांतून थेट छापता येतो. देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवण्याची क्षमता मात्र सामान्य थर्मल प्रिंटरमध्ये नसते. ‘रत्नागिरी’मधला ‘त्ना’ फुटून येतो किंवा सगळेच चौकोन छापले जातात. उपाय एकच: लेबल गेटवेवरच चित्र म्हणून तयार करावे आणि ते ठिपक्यांच्या स्वरूपात प्रिंटरला पाठवावे. २०३ डीपीआयचा प्रिंटर एका मिलिमीटरला ८ ठिपके छापतो, म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीच्या लेबलासाठी चित्र ४०० ठिपके रुंद हवे. हे काम प्रिंटरच्या दुभाष्याकडे सोपवल्यास गाभ्याला ‘या बागायतदाराचे, या प्रतीचे, इतक्या डझनाचे लेबल’ एवढेच सांगावे लागते. चित्राचा मार्ग पत्करल्याचा आणखी एक लाभ असा की उद्या दुसऱ्या आज्ञाभाषेचा प्रिंटर आला तरी लेबलाची मांडणी बदलत नाही.

राहिले मॉडबसचे सेन्सर. आरएस-४८५ची तार एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे अशी सलग न्यावी, झाडाच्या फांद्यांसारखी फोडू नये, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावावा. ए आणि बी या दोन तारांची नावे सगळे उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे काहीच उत्तर येत नसेल तर प्रथम तारा उलटसुलट करून पाहाव्यात. सेन्सरचे पत्ते १ ते २४७ यांपैकी असतात, आणि दुकानातून आलेला सेन्सर बहुधा १ हाच पत्ता घेऊन येतो. दोन नवे सेन्सर एकदम जोडले की दोघेही एकाच वेळी उत्तर देतात आणि गोंधळ होतो, म्हणून एकेक जोडून पत्ता बदलत जावे.

ऋण तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे. मासळीच्या शीतगृहात उणे १८ अंश असताना नवशिक्याच्या पडद्यावर ६५३५.६ असा आकडा झळकतो. सेन्सरने अंशाच्या दहाव्या भागांत मोजलेला उणे १८० हा आकडा १६ बिटांत पाठवलेला असतो आणि प्रोग्रामने चिन्ह विचारात न घेता तो ६५३५६ असा वाचलेला असतो. डीएस१८बी२० हा वेगळ्या, वन-वायर पद्धतीचा स्वस्त सेन्सर वापरणार असाल, तर वीज आल्याबरोबर मोजमाप होण्याआधी तो ८५ अंश असे वाचन देतो, हे माहीत असू द्यावे. बर्फाच्या कारखान्यात ८५ अंशांचा इशारा वाजला की काय धावपळ उडते ते मी पाहिले आहे. असे वाचन ‘शंकास्पद’ म्हणून बाजूला ठेवणे हे त्या दुभाष्याचे काम आहे, गाभ्याचे नव्हे.

पायरी पाचवी: वीज, विजा आणि खारी हवा

यूएसबी २.० चे एक सॉकेट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असते, पण संपूर्ण यंत्राची मर्यादा वेगळी असते. रास्पबेरी पाय ४ च्या चारही सॉकेटांना मिळून सुमारे १.२ अँपिअरच मिळतात. फोरजी डोंगल रेंज कमी असलेल्या वाडीत जोर लावून बोलू लागला की त्याची विजेची भूक वाढते, आणि शेजारचा स्कॅनर उगाचच बंद-चालू होऊ लागतो. दोष स्कॅनरमध्ये शोधत दिवस घालवण्याऐवजी स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब आधीच घ्यावा.

जांभ्याच्या कातळावर चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते, उन्हाळ्यात तर फारच. त्यामुळे इमारतीबाहेर जाणारी प्रत्येक तार ही विजेला दिलेले आमंत्रण समजावे. आरएस-४८५साठी विलग केलेला (आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडलेला) कन्व्हर्टर घ्यावा. त्याची किंमत अधिक असली तरी तारेवरून जादा विजेची लाट आली तर तो एकटा जळतो, गेटवे वाचतो. खाऱ्या हवेसाठी पंखा नसलेले, झाकणाला रबरी कड असलेले खोके निवडावे, तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न जाता तेथेच गळून पडते.

पायरी सहावी: नेटवर्क नसताना काम चालू ठेवावे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि त्यानंतर रायगडात, दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत अनेक दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही नव्हते. एवढ्या टोकाला न जाताही पावसाळ्यात चार-सहा तास नेटवर्क नसणे ही नित्याची बाब आहे. म्हणून प्रत्येक नोंद आधी गेटवेवरील एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसमध्ये लिहावी आणि मगच पाठवावी. जागेची चिंता करण्याचे कारण नाही: ६ सेन्सरांची दर मिनिटाला एक नोंद धरल्यास दिवसाला ८६४० नोंदी होतात, आणि नोंद २०० बाइटची असेल तर महिन्याभराचा साठा सुमारे ५२ मेगाबाइटच्या आत राहतो. प्रत्येक नोंदीला गेटवेवरच अनन्य क्रमांक द्यावा, म्हणजे अर्धवट तुटलेल्या जोडणीमुळे तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर दुसरी टाकून देऊ शकतो.

घड्याळाचा विसर पडू नये. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत वीज गेल्यावर चालणारे घड्याळच नाही. नेटवर्क नसताना यंत्र सुरू झाले तर नोंदींवर चुकीची तारीख पडते. डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारे छोटे घड्याळ जोडले की हा प्रश्न मिटतो.

मोबाइल डोंगलवरच्या गेटवेला सहसा बाहेरून थेट पोहोचता येत नाही, कारण मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्यामुळे जोडणी नेहमी गेटवेने आतून बाहेर करावी: नोंदींसाठी ८८८३ पोर्टवरचा सुरक्षित एमक्यूटीटी, आणि दुरून दुरुस्तीसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी), जे २०२० पासून लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच आहे.

सुरक्षेचे बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतील. मूळ पासवर्ड बदलावा, दुभाष्ये रूट म्हणून चालवू नयेत, आणि यादीत नसलेले यूएसबी उपकरण जोडले गेल्यास ते नाकारावे, कारण पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू स्वतःला कीबोर्ड म्हणवून आज्ञा टाइप करू शकते. प्रणालीच्या दोन प्रती मेमरी कार्डाच्या दोन विभागांत (पार्टिशनांत) ठेवाव्यात, अद्यतन मोकळ्या विभागात करावे, आणि नवी प्रत सुरू झाली नाही तर यंत्राने आपण होऊन जुनीवर परतावे. पोफळीच्या बागेतून वाट काढत केवळ रीस्टार्टसाठी जावे लागण्यापेक्षा हा खटाटोप बरा.

पायरी सातवी: चाचणी

प्रत्येक नव्या उपकरणाकडून आलेले कच्चे बाइट वेळेसह एका फाइलमध्ये नोंदवून ठेवावेत. ही फाइल पुन्हा दुभाष्याला ऐकवली की काटा समोर नसतानाही घरबसल्या चाचणी करता येते, आणि काही हंगामांनंतर अशा फाइलींचा संग्रह कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा उपयोगी ठरतो. त्यानंतर कामाच्या मधोमध तार उपटणे, प्रिंटरचा कागद काढणे, एकाच जातीचे दोन काटे जोडणे आणि मुख्य वीज दहा वेळा बंद-चालू करणे, हे प्रयोग हंगामाआधी, फेब्रुवारीतच करून घ्यावेत.

अखेरची परीक्षा दुसऱ्याकडून घ्यावी. ज्याने हा गेटवे रचलेला नाही अशा व्यक्तीला एक अनोळखी काटा आणि वर्णनाच्या फाइलचा नमुना द्यावा. गाभ्याला हात न लावता तिने वजन पडद्यावर आणले, तर गेटवे केंद्रात नेण्यास हरकत नाही. नेताना सॉकेटांच्या रंगांचा तक्ता आणि दिव्यांचे अर्थ मराठीत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. बाहेर लावलेला कागद पहिल्या पावसातच जातो.